दाराला तीन कुलपे आणि खिडकी सताड उघडी!

२०२५ सालच्या दिवाळीची गोष्ट. सण आठ-दहा दिवसांवर आला होता. आमच्या महिला मंडळाच्या फराळाच्या ऑर्डरी घेण्याचे आणि त्यांचा हिशेब ठेवण्याचे काम माझ्याकडे असते. चकल्या किती किलो, अनारसे किती, कुणाचे पैसे आले, कुणाचे यायचेत, सारे काही आमच्या दिवाणखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर. मुलगा कॉलेजात असताना घेतलेला हा कॉम्प्युटर. तो नोकरीसाठी परगावी गेला आणि कॉम्प्युटर माझ्या वाट्याला आला. मोबाइलवर आकडे वाचताना डोळे फुटायची वेळ येते. इथे कसे सगळे ऐसपैस दिसते!

ऐसपैस खरा, पण चपळ मुळीच नाही. सकाळी बटण दाबायचे आणि कुकर लावायला जायचे. तीन शिट्ट्या होऊन गेल्या तरी पडद्यावरचे चक्र आपले फिरतेच आहे! ह्यांचे म्हणणे, “भंगारात दे आणि नवीन घे.” पण चालती वस्तू टाकून द्यायला माझा जीव होत नव्हता.

त्या दुपारी मी भाजणीचे एक प्रमाण शोधत होते. कुठे बोट पडले कोण जाणे, सारा पडदा एकदम लालभडक झाला. भोंगा वाजायला लागला आणि अक्षरे उमटली, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे. बंद करू नका. ताबडतोब या नंबरवर फोन करा.’ माझ्या तोंडचे पाणीच पळाले. मंडळाचे ४२,००० रुपये माझ्या खात्यात होते. मी मुकाट्याने फोन लावला.

पलीकडचा माणूस इतका गोड बोलत होता म्हणून सांगू! “मॅडम, घबराइए मत.” त्याने मला एक छोटा प्रोग्रॅम घालायला लावला. थोड्याच वेळात पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला. मला वाटलं, बरं झालं, जाणता माणूस भेटला. मग तो म्हणाला, “अब बँक का पेज खोलिए, देखते हैं पैसा सुरक्षित है या नहीं.”

नेमके तेव्हाच गॅसवर दूध उतू जायला आले. “एक मिनिट थांबा,” म्हणून मी स्वयंपाकघरात धावले. गॅस बंद केला, ओटा पुसला आणि पुसता पुसताच मनात आले, व्हायरस काढायला आलेल्या माणसाला माझी बँक कशाला हवी? नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर कधी कपाटाची किल्ली मागतो का? परत आले ती सरळ भिंतीकडे गेले आणि कॉम्प्युटरची पिनच उपटली.

लगेच पासबुकावरचा नंबर पाहून बँकेला फोन केला. पासवर्ड मोबाइलवरून बदलला. पैसे वाचले. पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पैसे गेले असते तर मंडळातल्या बायकांना मी काय तोंड दाखवले असते?

ओटा केवढा आणि पसारा केवढा

भाऊबीजेला भाऊ आला, बरोबर भाचीही आली. ती कॉम्प्युटरच्याच क्षेत्रात आहे. ओवाळणी आटोपल्यावर मी तिला त्या यंत्रापुढे बसवले. ‘हे काढ, ते घाल’ असे न म्हणता तिने आधी नुसते पाहिले, आणि कपाळाला हात लावला.

“अगं आत्या, दाराला तीन कुलपं लावली आहेस आणि खिडकी सताड उघडी!”

खरेच होते ते. कॉम्प्युटरबरोबर फुकट आलेला, मुदत संपलेला एक अँटीव्हायरस. दुकानदाराच्या सांगण्यावरून पैसे मोजून घेतलेला दुसरा. शिवाय ‘कॉम्प्युटर स्वच्छ करतो’ आणि ‘वेग दुप्पट करतो’ असे सांगणारे दोन प्रोग्रॅम. आणि इतके पहारेकरी असताना चोर मात्र माझ्याच हाताने घरात आला होता!

तिने मला जे समजावले ते मी माझ्या भाषेत सांगते. कॉम्प्युटरमध्ये दोन जागा असतात. एक हार्ड डिस्क, म्हणजे आपली कोठीची खोली. तिथे सगळे साठवायचे. दुसरी मेमरी, जिला रॅम म्हणतात, तो आपला ओटा. जे काम चालू आहे ते ओट्यावर मांडावे लागते. माझा ओटा ४ जीबीचा, म्हणजे आजच्या मानाने लहानच. अँटीव्हायरस हा असा गडी आहे की तो दिवसभर ओट्यावरच बसून राहतो आणि आत येणारा प्रत्येक डबा उघडून हुंगतो. एक असला तर ठीक. दोन असले की दोघेही तोच डबा हुंगतात, वर एकमेकांवर संशय घेतात. मग पोळ्या लाटायला जागा उरणार कुठून?

तुमच्या ओट्यावर कोण कोण बसले आहे ते तुम्हालाही पाहता येईल. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. एक यादी उघडते, तिला टास्क मॅनेजर म्हणतात. ‘मेमरी’ या शब्दावर क्लिक केले की सर्वांत जास्त जागा अडवणारा वर येतो. त्याच खिडकीत ‘स्टार्टअप’ नावाचा भाग आहे. कॉम्प्युटर सुरू होताच न बोलावता कोण येऊन बसतो ते तिथे दिसते. त्यातले अनोळखी नाव घाईने उडवू नका, पण जे तुम्हीच कधीतरी हौसेने घातले आणि आता वापरत नाही, ते खुशाल बंद करा.

घरचा पहारेकरी

“मग अँटीव्हायरस कुठला घ्यायचा?” मी विचारले. भाची म्हणाली, “आहे की तुझ्याकडे. विंडोजबरोबरच येतो.”

त्याचे नाव मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. २०१२ साली विंडोज ८ निघाले तेव्हापासून हा व्हायरसचा पहारा विंडोजमध्येच असतो. वेगळे पैसे नाहीत, दरवर्षी नूतनीकरण नाही. आपण दुसरा अँटीव्हायरस घातला की हा आपण होऊन बाजूला सरतो आणि तो काढून टाकला की पुन्हा कामावर रुजू होतो. मला हे माहीतच नव्हते. घरच्या गड्याला सुट्टी देऊन मी बाहेरचा माणूस पगारावर ठेवला होता! ‘विंडोज सिक्युरिटी’ नावाची ढालीची खूण शोधा आणि तिच्यावर हिरवी बरोबरची खूण आहे ना, एवढे पाहा.

जर्मनीतील एव्ही-टेस्ट ही संस्था असल्या प्रोग्रॅमांच्या परीक्षा घेत असते. तिथे डिफेंडर गेली काही वर्षे चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होत आला आहे. मात्र सर्वांत हलका तोच, असे म्हणणे खरे होणार नाही. मोठ्या फायली इकडून तिकडे नेताना किंवा नवा प्रोग्रॅम घालताना तो रेंगाळतो. संपूर्ण तपासणी करायची तर ती दुपारी आपण जरा आडवे होतो तेव्हा लावून द्यावी. पण एका घरगुती कॉम्प्युटरला एवढा पहारा पुरतो.

याचा अर्थ विकतचे अँटीव्हायरस निरुपयोगी असा कुणी घेऊ नये. एके काळी विंडोजला स्वतःचा पहारेकरीच नव्हता, फ्लॉपीतून व्हायरस यायचे आणि महिन्याचे काम पुसून जायचे. त्या काळात आपल्या पुण्यातल्या कैलास काटकरांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या धंद्यातून पुढे येऊन, आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहून, ‘क्विक हील’ उभे केले. मराठी माणसाने अभिमान बाळगावा असेच ते काम. आजही ज्यांच्या घरी लहान मुले एकाच कॉम्प्युटरवर खेळ उतरवून घेतात, ज्यांच्याकडे पाहुण्यांचे पेनड्राइव्ह येत-जात असतात, किंवा ज्यांना अडचणीत फोनवर कुणीतरी मराठीत समजावणारे हवे असते, त्यांनी पैसे मोजून एखादा अवश्य घ्यावा. पण एकच. आणि जुना आधी काढून मग नवा घालायचा, ही गोष्ट विसरू नये.

फुकटात मिळणाऱ्यांबद्दल मात्र जरा डोळे उघडे ठेवा. अवास्ट हा फुकटचा अँटीव्हायरस जगभर लोकप्रिय होता. आपले गिऱ्हाईक इंटरनेटवर काय काय पाहते याची माहिती त्याच कंपनीच्या जंपशॉट या शाखेमार्फत विकली जात होती, हे २०२० साली उघडकीला आले. ती शाखा बंद करावी लागली आणि २०२४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखणदारानेच आपल्या घरातल्या गोष्टी चावडीवर विकाव्यात, तशातली ही गत!

‘वेग दुप्पट करतो’ म्हणणारे प्रोग्रॅम तर सरळ काढून टाका. माझ्या कॉम्प्युटरला वेग आला तो दोन गोष्टींनी. एक, ओट्यावरची गर्दी हटली. दुसरे, जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी नावाची नवी डिस्क बसवली. हिच्यात फिरणारा भाग नसतो, म्हणून ती झटपट काम करते. जुन्या यंत्रावर खर्च करायचाच तर तो इथे करावा.

भिंतीला भेगा पडल्या असतील तर

आता एक महत्त्वाचे. पहारेकरी कितीही जागा असला तरी घराच्या भिंतीला भेगा असून चालत नाहीत. या भेगा कंपनी वेळोवेळी बुजवत असते, त्यालाच आपण ‘अपडेट’ म्हणतो आणि कामाच्या वेळी आले म्हणून वैतागतो. विंडोज १० साठी हे काम मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. घरगुती वापरणाऱ्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची जादा मुदत जाहीर केली, पण त्यासाठी नाव नोंदवावे लागते. मायक्रोसॉफ्टचे खाते उघडून आपल्या सेटिंग्जची प्रत त्यांच्याकडे ठेवायला हरकत नसेल, तर पैसे पडत नाहीत. भाचीने माझे नाव तिथल्या तिथे नोंदवून टाकले.

डिफेंडरला नव्या व्हायरसांची माहिती विंडोज १० वरही ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील, असे कंपनीने सांगितले आहे. पण त्याने भेगा बुजत नाहीत. तेव्हा ‘डिफेंडर हिरवा दिसतोय, मग काळजी कसली’ असे समजून बसू नका.

पुढचे पाऊल म्हणजे विंडोज ११. त्याला निदान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा आणि कॉम्प्युटरच्या आत टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. शिवाय इंटेलचा मेंदू साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. माझा बसला नाही. अशा यंत्रांवर लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी, विंडोजसारखीच दिसणारी प्रणाली घालता येते. तिचा ‘एक्सएफसीई’ हा हलका प्रकार जुन्या कॉम्प्युटरलाही झेपतो. मराठी टायपिंग, हिशेब, पत्रे, इंटरनेट सगळे होते. मात्र सरकारी कामाची डिजिटल सही किंवा दुकानाच्या हिशेबाचा एखादा ठरावीक प्रोग्रॅम लागत असेल, तर तो तिच्यावर चालतो का याची आधी खात्री करून घ्या.

खिडकी कशी लावायची

ज्या प्रोग्रॅममधून आपण इंटरनेट पाहतो तो ब्राउझर, हीच आपल्या घराची खिडकी. माझा लाल पडदा याच खिडकीतून आला होता.

क्रोम, एज, ब्रेव्ह आणि ऑपेरा हे चारही एकाच पीठाचे लाडू आहेत. वळले वेगवेगळ्या हातांनी, पण आतले पीठ क्रोमियमचेच. फायरफॉक्सचे पीठ वेगळे. त्यामुळे ‘हा हलका, तो जड’ या वादात फार वेळ घालवू नका. ओटा भरतो तो ब्राउझरच्या नावाने नाही, एका वेळी उघडून ठेवलेल्या पंचवीस पानांनी! एजमध्ये न वापरलेली पाने झोपवण्याची सोय आहे, क्रोममध्ये ‘मेमरी सेव्हर’ आहे आणि मेमरी कमी पडली की फायरफॉक्सही जुनी पाने आपणहून खाली ठेवतो. सेटिंग्जमध्ये जाऊन ही सोय चालू आहे ना, ते बघा.

खरा फरक पडतो तो जाहिराती अडवण्याने. पानावरच्या नाचऱ्या जाहिराती मेमरी खातात आणि लाल पडद्यासारखे सापळेही पुष्कळदा त्यांच्यातूनच येतात. म्हणजे डाळीतले खडे निवडले की दात वाचतात आणि वरण लवकर शिजते, असा दुहेरी फायदा! यासाठी ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे छोटे, फुकटचे आणि हलके साधन उत्तम समजले जाते. फायरफॉक्समध्ये ते पूर्ण स्वरूपात चालते. क्रोमने आपले नियम बदलल्यामुळे तिथे त्याची ‘लाइट’ आवृत्ती घ्यावी लागते. ब्रेव्हमध्ये अडवण्याची सोय मुळातच असते. मी फायरफॉक्स आणि यूब्लॉक ओरिजिन ही जोडी ठेवली आहे.

अशा जोडसाधनांना ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात. माझ्या ब्राउझरमध्ये अशी सात निघाली! कूपन शोधणारे, हवामान सांगणारे, आणखी कसले कसले. तुम्ही उघडता ती पाने वाचायची परवानगी यांतल्या बऱ्याच जणांना असते, बँकेचे पानसुद्धा! एक ठेवा, फार तर दोन. बाकीच्यांना निरोप द्या.

आणखी एक सवय लावून घ्या. एखादे पान उघडताच ‘सूचना पाठवू का?’ असे विचारते. आपण वाचायला उतावीळ असतो, ‘हो’ म्हणून टाकतो, आणि मग महिनोन्‌महिने कोपऱ्यात खोटे इशारे येत राहतात. उत्तर नेहमी ‘नाही’ द्यावे.

बँकेचे काम करताना पत्ता नीट वाचा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटावर न्यायचे होते. हा शेवट बँकेखेरीज कुणाला मिळत नाही. नुसती कुलपाची खूण पाहून मात्र भुलू नका. कुलूप म्हणजे वाटेत कुणी तुमचे पत्र फोडणार नाही, एवढेच. ज्याच्या हातात ते पडेल तो सज्जनच असेल, असे त्याचा अर्थ सांगत नाही.

आणि तरीही पडदा लाल झाला तर?

तर घाबरायचे नाही. तो व्हायरस नसतो, व्हायरस आल्याचे सोंग असते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे कंपनीनेच सांगून ठेवले आहे. एस्केपची कळ जरा दाबून धरा, मग ऑल्ट आणि एफ-४ दाबून खिडकी बंद करा. नाहीच झाली तर सरळ कॉम्प्युटर बंद करा. पुन्हा सुरू केल्यावर ‘आधीची पाने उघडू का?’ असे विचारले तर नको म्हणा.

कुणाच्याही सांगण्यावरून आपला पडदा दाखवणारा प्रोग्रॅम घालू नका. चुकून घातलाच, तर आधी इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पासवर्ड बदला आणि मग तो प्रोग्रॅम काढून टाका. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० या सरकारी नंबरवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची आशा अधिक. ‘घरात काय म्हणतील’ या भीतीने गप्प बसणे हीच सर्वांत मोठी चूक. मी स्वतः ह्यांना दोन दिवस सांगितले नव्हते. सांगितले तेव्हा ते इतकेच म्हणाले, “अगं, मलाही गेल्या वर्षी तसाच फोन आला होता.” घ्या! म्हणजे आम्ही दोघेही एकाच घरात एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होतो.

आता माझा कॉम्प्युटर पहिली शिट्टी व्हायच्या आत तयार असतो. एक पहारेकरी, एक खिडकी, खिडकीला एक जाळी. अँटीव्हायरसचे वर्षाचे पैसे वाचले ते डिस्कच्या कामी आले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी मंडळात हा सगळा किस्सा न लाजता सांगितला. वाटले होते, हसतील. पण तिघीजणी हळूच जवळ येऊन म्हणाल्या, “बाई, आमच्याकडेही तो लाल पडदा आला होता हो!” त्यातल्या एकीचे पैसे गेले होते आणि तिने घरी अजून सांगितले नव्हते. त्या संध्याकाळी आम्ही दोघी मिळून तिच्या घरी गेलो.

तेव्हा मैत्रिणींनो, या रविवारी जेवणे आटोपली की तासभर काढा. आपला कॉम्प्युटर उघडा, ओट्यावरची गर्दी पाहा, कुलपे मोजा. आणि घरात सासूबाई-मामंजी असतील तर त्यांनाही लाल पडद्याची गोष्ट सांगून ठेवा. तेवढे एक काम कुठल्याही अँटीव्हायरसला जमणारे नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

- अँटीव्हायरस एकच. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बहुतेक घरांना पुरतो.
- ‘स्वच्छ करणारे’ आणि ‘वेग वाढवणारे’ प्रोग्रॅम काढून टाका.
- अपडेट टाळू नका. आपल्या विंडोजची मुदत कधी संपते ते पाहून ठेवा.
- ब्राउझर कोणताही चालेल, पण त्याला जाहिराती अडवणारी जाळी हवी. जोडसाधने एक-दोनच.
- हिशेब आणि फोटो यांची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा आणि काम झाले की तो काढून कपाटात ठेवा.
- पडद्यावरच्या नंबरला कधीही फोन करू नका. फसलातच तर १९३०.